पाइनच्या फळ्यांची कपाटाची दारं करताय? घासताना या चुका टाळा

स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं मी पहिल्यांदा घरी केली, तेव्हा फळीवरून हात फिरवला तर कुठेही अडत नव्हता. स्टेनचा, म्हणजे लाकडात मुरून रंगछटा देणाऱ्या द्रवाचा, पहिला हात मारला आणि दोन मिनिटांत गोल गोल ओरखडे नि काळपट चट्टे वर आले. घासताना झालेली चूक पाइन पोटात ठेवतं आणि रंग लागला की दाखवतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पॉलिश पेपर नुसत्या बोटांत धरून घासल्यामुळे. पाइनच्या वर्षवलयातला फिकट पट्टा मऊ आणि गडद पट्टा कडक असतो. बोटांखाली मऊ भाग झिजतो, कडक रेषा तशाच राहतात आणि फळीवर लाटा उठतात. गाठी आणखी कडक, त्या टेंगळासारख्या वर राहतात. पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच घासा, तेही रेषांच्या दिशेने.

दुसरी चूक घाईची: पॉलिश पेपरच्या 80 नंबरवरून थेट 220वर उडी (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक). 80चे ओरखडे 220ने निघत नाहीत, फक्त झाकल्यासारखे वाटतात. रंध्याच्या खुणा असतील तरच 80 घ्या, मग 120, मग 180. प्रत्येक नंबरआधी फळीवर पेन्सिलीने हलक्या नागमोडी रेघा मारा आणि त्या पूर्ण जाईपर्यंत घासा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून पाहिलं की राहिलेला ओरखडा लगेच सापडतो. स्टेन लावायचा असेल तर 180ला थांबा. त्यापुढे लाकूड इतकं गुळगुळीत होतं की रंग नीट पीतच नाही. राळेने, म्हणजे लाकडातल्या चिकट द्रवाने, चोंदलेला पेपर फेकून द्या, तो कापत नाही, नुसता चोळतो.

पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड वापरत असाल तर आधी खिळे शोधा आणि शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात नकोच. आणलेल्या फळ्या मध्ये पट्ट्या ठेवून पंधरा दिवस तरी घरात रचून ठेवा. ओली फळी घासून सपाट केली तरी वाळताना पन्हळीसारखी वाकते.

गाठीतून राळ येत असेल तर खरवडून टर्पेंटाइनने पुसा, वाळू द्या, मग स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे (लाखेचे) दोन हात द्या. नाहीतर पांढऱ्या रंगातूनही पिवळे डाग उमटतात. चट्टे आधीच पडले असतील तर 120ने पुन्हा कोरं लाकूड काढा, 180 फिरवा, पातळ चपड्याचा एक हात द्या आणि मगच स्टेन लावा. फेविकॉल सांडलेल्या जागी रंग धरत नाही, फेविकॉल ओला असतानाच पुसा.

दाराच्या चौकटीतलं पॅनल, म्हणजे खाचेत बसणारी मधली फळी, कधीही चिकटवू नका. ते पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. उन्हाळ्यात बसवत असाल तर खाचेत थोडी जागा मोकळी सोडा. पॅनलचं घासणं आणि पॉलिश बसवण्याआधीच पुरं करा, नाहीतर ते आकसल्यावर कडेला कोऱ्या लाकडाची पट्टी उघडी पडते. आणि दाराच्या मागच्या बाजूला, वरच्या-खालच्या कडांनाही पुढच्याइतकेच हात द्या. एकच बाजू बंद केलेलं दार पहिल्याच पावसाळ्यात वाकतं आणि कपाटाला नीट टेकत नाही.