मित्रांसोबत बाल्डर्स गेट ३ खेळताना वाद कसा घालावा

रोल-प्लेइंग गेम मित्रांसोबत खेळायचा तर वाद होणारच, आणि ते व्हायलाच हवेत. माणूस मारायचा की सोडायचा यावर तिघांचं लगेच एकमत होत असेल, तर तिघांपैकी दोघं नुसते बटणं दाबतायत. "वाद नको, गेम आहे तो" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. वाद कुठे घालायचा आणि कुठे थांबवायचा, एवढं ठरवलं की काम होतं. लॅरियन स्टुडिओचा बाल्डर्स गेट ३ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. त्याच गेमचं उदाहरण घेऊन सांगतो, कारण मित्रांना एकमेकांवर चिडवायची ताकद या गेमइतकी दुसऱ्या कशात नाही.

तयारी

साधारण १५० जीबी जागा मोकळी करा. एकाकडे पीसी आणि दुसऱ्याकडे पीएस५ असेल तरी चालतं. एप्रिल २०२५ च्या आठव्या पॅचपासून (अपडेटपासून) क्रॉस-प्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळायची सोय आहे, प्रत्येकाने लॅरियनचं खातं मात्र काढायला हवं. ज्याचं इंटरनेट सगळ्यात भरवशाचं तो होस्ट, म्हणजे डाव त्याच्या यंत्रावर चालवायचा, कारण होस्टची लाइन गेली की सगळ्यांचाच डाव थांबतो. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. वळवाचा पाऊस सुरू झाला की नाशिकमध्ये वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

वेळ ठरवताना माणसं बघा. अंबड-सातपूरला शिफ्ट करणारा मित्र सेकंड शिफ्टच्या आठवड्यात येणार नाही, त्याला फोन करकरून छळू नका. दिंडोरी-पिंपळगावकडे ज्याची द्राक्षबाग आहे, तो ऑक्टोबर छाटणीत आणि पुढे काढणीत सापडणार नाही. त्याच्यासोबतचा डाव पावसाळ्यातच सुरू करा.

किती जणांनी खेळावं

तिघांनी. गेम चौघांना घेतो म्हणून चौघं जमवायचे, हा सगळ्यात वाईट सल्ला. पार्टीत, म्हणजे सोबत फिरणाऱ्या टोळीत, जागाच चार. चौघांनी आपापली पात्रं बनवली की शॅडोहार्ट, कारलॅक, अॅस्टॅरियन हे गेममधले सोबती सगळे तळावर बसून राहतात आणि गेमचा अर्धा जीव तिथेच जातो. तिघं असाल तर एक जागा त्यांच्यासाठी उरते.

क्लास (पात्राचा पेशा) कुणी कुठला घ्यायचा यावर डोकं फोडू नका. विदर्स नावाचं गेममधलं पात्र भेटलं की १०० सोन्याच्या नाण्यांत क्लास बदलून मिळतो. अवघडपणाची पातळी 'बॅलन्स्ड' ठेवा, नंतर बदलता येते. ऑनर मोड या सगळ्यात अवघड पातळीला पहिल्या डावात हात लावू नका. लुटीतली वस्तू ज्याला वापरता येते त्याची, विषय संपला.

निर्णय कुणाचा: इथेच डाव मोडतात

आता खरा अवघड भाग. आमचे डाव मोडले ते इथेच, लढाईत हरून कधीच नाही.

अडचण अशी. या गेममध्ये जो संवाद सुरू करतो तोच बोलतो. बाकीचे ऐकू शकतात, आपल्या पसंतीच्या उत्तरावर खूण करू शकतात, पण शेवटचं बटण बोलणाऱ्याच्या हातात. मन वळवणं, थाप मारणं, धमकावणं या सगळ्याला करिष्मा, म्हणजे पात्राच्या बोलण्यातल्या प्रभावाचा गुण लागतो आणि यश-अपयश ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशाच्या आकड्यात तोच मिळवला जातो. बार्ड या गायक-कलावंत क्लासकडे तो भरपूर असतो, म्हणून सगळे म्हणतात, "बार्ड कोण आहे? तूच बोल." दोन-तीन बैठकांत बार्ड घेतलेला मित्र आपोआप कप्तान होतो आणि उरलेले दोघं त्याचे अंगरक्षक. त्याची काही चूक नसते, पण बाकीच्यांचा रस तिथूनच आटायला लागतो.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे मतदान. तो करू नका. तिघांत दोघांचा स्वभाव जुळतोच. मग तिसरा दर वेळी दोन विरुद्ध एक असा हरतो आणि महिनाभराने त्याला शनिवारी रात्री नेमकं काहीतरी काम निघतं.

त्याऐवजी सोबत्यांच्या कथा वाटून घ्या. शॅडोहार्टबद्दलचे निर्णय एकाचे, अॅस्टॅरियनचे दुसऱ्याचे, कारलॅकचे तिसऱ्याचे. ज्याची कथा त्याने बोलायचं, मग त्याचा करिष्मा कितीही कमी असो. बाकीच्यांनी आधी 'गायडन्स' मंत्र टाकून द्यावा, फाशात चार बाजूंचा आणखी एक फासा मिळतो. इन्स्पिरेशन (खेळताना मिळणारे बक्षिसाचे गुण) शिल्लक असेल तर फासा पुन्हा टाकता येतो. तरीही अपयश आलं तर येऊ द्या. पहारेकऱ्याला गंडवणं, दुकानदाराशी घासाघीस, ही कामं बार्डकडेच राहू द्या.

यात एक सावधगिरी आहे. चालता चालता आपोआप सुरू होणारे प्रसंग बहुतेक वेळा पुढे असलेल्याला पकडतात. नवीन खोलीत शिरताना सगळ्यात उतावळा मित्र मागे ठेवा. हे मी दर डावात सांगतो आणि दर डावात कुणीतरी पुढे पळतंच.

एक अंक, एक नकार

गेमचे तीन अंक आहेत. प्रत्येक खेळाडूला प्रत्येक अंकात एकच नकार द्या. तो वापरला की बोलणाऱ्याला तो पर्याय सोडावाच लागतो, कारण विचारायचं नाही. न वापरलेला नकार पुढच्या अंकात जात नाही. याचा फायदा असा, की माणूस फुटकळ गोष्टींवर अडून बसत नाही. एकच नकार हातात असला की आपल्याला खरोखर काय सहन होत नाही, हे ज्याचं त्याला नीट कळतं.

पहिल्या अंकातला ग्रोव्हचा निर्णय मात्र कुणा एकाचा नाही. ग्रोव्ह म्हणजे टीफलिंग (शिंगं असलेली जमात) निर्वासितांनी आसरा घेतलेली जागा; ती वाचवायची की गॉब्लिनांसोबत तिच्यावर हल्ला करायचा, हा तो निर्णय. गॉब्लिनांच्या तळावर त्यांची म्होरकी मिंथारा हिच्याशी बोलण्याआधीच थांबा, माइकवर सगळे या आणि प्रत्येकाने आपल्या पात्राच्या तोंडून एकदाच म्हणणं मांडा. "माझा पॅलाडिन (शपथबद्ध योद्धा) या टीफलिंगांना वाऱ्यावर सोडणार नाही" असं बोललात तर समोरचा ऐकतो. "तू नेहमी असंच करतोस" असं बोललात तर तो गेमबद्दलचा वाद उरत नाही.

आणि बोलण्याआधी माहिती सगळ्यांना द्या, कारण अर्धे वाद माहिती नसल्यामुळे होतात. ग्रोव्हवर हल्ला केला तर विल आणि कारलॅक हे सोबती सोडून जातात, पुढच्या अंकांत भेटणारी कितीतरी माणसं भेटत नाहीत. कुणाला फक्त मिंथारा सोबत हवी म्हणून हल्ला करायचा असेल, तर त्याची गरजच नाही. 'नॉन-लीथल' (जीव न घेणारा हल्ला) चालू करून तिला जवळच्या हत्याराने बेशुद्ध पाडा, ती दुसऱ्या अंकात सोबतीला घेता येते. माझ्या माहितीतल्या दोन मित्रांचं यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं. दोघांना हवं ते मिळत होतं आणि दोघांनाही ते माहीत नव्हतं.

निर्णय झाला की एफ८ दाबून (पीसीवर त्याने आधी सेव्ह केलेला डाव उघडतो) मागे जायचं नाही. चुकून दुसऱ्याच उत्तरावर क्लिक झालं किंवा लाइट गेली, तरच जुना सेव्ह उघडा. मनासारखं झालं नाही म्हणून सेव्ह उघडणाऱ्याशी पुढे कुणीच मनापासून वाद घालत नाही, कारण तो निर्णय कधी पुसेल याचा भरवसा राहत नाही.

उरलेला वाद

व्हॉट्सअॅप ग्रुपवर घालू नका. टाइप केलेलं सगळंच खऱ्यापेक्षा कडवट वाटतं. रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खायला भेटा आणि तिथे हवं तेवढं बोला.

कुणी मध्येच डाव सोडला तर त्याचं पात्र पार्टीतली जागा अडवून ठेवतं असं समजू नका. तळावर विदर्सचं कपाट आहे, त्यातून गेलेल्या खेळाडूचं पात्र पार्टीतून काढता येतं. आधी त्याच्या पिशवीतलं सामान वाटून घ्या आणि त्याला एक फोन करून सांगा.