जुनी शिडाची होडी स्वतः दुरुस्त करताय? रंगाचा डबा उघडण्याआधी या चुका टाळा

जुनी फायबरची शिडाची होडी स्वस्तात पदरात पडली की बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात पॉलिश पेपर आणि रंग विकत आणतात. मीही तेच केले होते. चोवीस फुटी होडीच्या डेकवर, म्हणजे वरच्या सपाट भागावर, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि एका पावसाळ्यानंतर डोलकाठीपाशी उभा राहिलो, तेव्हा डेक ओल्या पुठ्ठ्यासारखा पायाखाली दबला. रंग मात्र शाबूत होता.

अशा होड्यांचा डेक भरीव फायबरचा नसतो, हे ठाऊक नसणे ही पहिली चूक. मुंबईच्या शर्यतींतही दिसणाऱ्या जे/२४ सारख्या होडीत फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकडाचे तुकडे बसवलेले असतात, म्हणून डेक वजनाला हलका आणि तरीही ताठ राहतो. मात्र क्लीट (दोर अडकवायची खुंटी), विंच (दोर ताणायची चरखी) किंवा कठड्याचे खांब यांच्या बोल्टांसाठी पाडलेल्या छिद्रांभोवतीचे सीलंट (फट बुजवणारा लेप) वयोमानाने सुटले की तिथून पाणी लाकडात मुरते आणि वरून काहीही न दिसता ते आत कुजत जाते. यासाठी स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने दर दोन इंचांवर ठोकून पाहावे. चांगल्या भागावर खणखणीत आवाज येतो आणि कुजलेल्या भागावर तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द. त्या भागाची हद्द पेन्सिलीने आखून ठेवावी. ती बहुधा अंदाजापेक्षा मोठी निघते.

दुसरी चूक म्हणजे त्या जागी बारीक छिद्रे पाडून सिरिंजने इपॉक्सी (दोन द्रव मिसळून कडक होणारे रेझिन) भरणे. ओल्या लाकडाला इपॉक्सी धरत नाही, आणि दोन थरांत अडकलेले लाकूड उन्हात ठेवूनही सहजासहजी वाळत नाही. कष्टाचा पण खात्रीचा मार्ग एकच आहे: वरचा थर कापून उचलावा, कुजलेला भाग खरवडून काढावा, उरलेला पूर्ण वाळू द्यावा, नवा बाल्सा इपॉक्सीत बसवावा आणि थर परत चिकटवताना सांध्याच्या दोन्ही कडांना जाडीच्या बारापट उतार द्यावा. थर ३ मिलिमीटरचा असेल, तर प्रत्येक बाजूचा उतार ३६ मिलिमीटरचा होतो.

किनाऱ्यावर फायबरच्या मासेमारी होड्या बांधणारे कुशल कारागीर मिळतात, पण त्यांचा हात बसलेला असतो पॉलिएस्टर रेझिनवर. त्यात हवेच्या उष्णतेनुसार हार्डनर (रेझिन कडक करणारा द्रव) थोडा कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीत असे केले तर मिश्रण कायम चिकट किंवा ठिसूळ राहते, कारण तिथे उत्पादकाने दिलेले प्रमाण काटेकोर पाळावे लागते. ते लवकर सुकावे म्हणून हार्डनर वाढवू नये. हार्डनरचा प्रकार बदलावा. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर अनेकदा मेणचट थर येतो. तो आधी पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने धुवावा, मगच घासावे; नाहीतर तो घासण्याने आत दाबला जातो आणि पुढचा थर सुटतो. हे काम पावसाळ्यात काढूच नये.

सामान परत बसवताना जुन्याच छिद्रांत बोल्ट घालून सिलिकॉन फासणे ही घाई महागात पडते. छिद्र आधी मोठे करून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरावे आणि त्याच्या मधोमध नव्याने पाडावे. मग सीलंट पुन्हा सुटले तरी पाण्याला लाकूड सापडत नाही. सिलिकॉनचा अंश उरलेल्या जागी रंगही धरत नाही.

बाकीचे थोडक्यात. कील (होडीचा तोल राखणारा, तळाखालचा जड भाग) आणि तळ यांच्या सांध्यात पुढच्या बाजूला चीर दिसली, तर पुट्टी भरून ती झाकू नये. आधी कीलचे बोल्ट तपासावेत. डोलकाठीच्या तारा धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या डेकमधून जातात तिथे, हवा न पोचणाऱ्या फटीत, गंजतात, म्हणून त्या काढूनच पाहाव्यात. घरगुती वायरिंग वापरू नये. कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची वायर घ्यावी आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ ठेवावा.

रंगापूर्वी एक चाचणी करावी. आत, प्रत्येक बोल्टाच्या खाली खडूची भुकटी शिंपडावी आणि एकाने डेकवर बोल्टामागून बोल्ट असा दहा-दहा मिनिटे नळीने पाणी सोडत जावे. दुसऱ्याने विजेरी घेऊन आत बसावे आणि भुकटीवर पहिला ओला ठिपका कुठे उमटतो ते पाहावे. माझ्या होडीत तो डोलकाठीपाशी नव्हे, तिच्यापासून हातभर दूर असलेल्या क्लीटखाली उमटला.