औषधाचा पंप धुताना ओढा कसा वाचवायचा

जुन्नर-नारायणगावचा टोमॅटो असो, पुरंदरचं अंजीर असो की इंदापूरचा ऊस, शेताला लागून ओढा असला की पंप तिथेच भरला जातो आणि फवारणी झाली की तिथेच खळाळून धुतला जातो. तुषार वाऱ्यावर उडतात, पावसाबरोबर माती वाहून येते, त्यातूनही औषध ओढ्यात जातं हे खरंच. पण सुधारणेला हात घालायचा तर आधी या भरण्या-धुण्याच्या जागेला घाला. खर्च जवळजवळ नाही आणि फरक सगळ्यांत मोठा.

हिशेब मांडून बघा. क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक (२० टक्के ईसी, म्हणजे पाण्यात मिसळणारं तेलकट द्रावण) लिटरला २ मिली घेतलं आणि फवारणीनंतर पाठपंपाच्या तळाशी व नळीत अर्धा लिटर द्रावण उरलं, तर त्यात जवळपास ०.२ ग्रॅम मूळ विष असतं. गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने या औषधाची तात्पुरत्या संपर्काची मर्यादा लिटरला ०.०८३ मायक्रोग्रॅम धरली आहे. म्हणजे तेवढं उरलेलं द्रावण या मर्यादेखाली आणायला सुमारे २४ लाख लिटर पाणी लागेल, दहा हजार लिटरचे २४० टँकर. सेकंदाला पाच लिटर वाहणाऱ्या ओढ्यातून इतकं पाणी जायला साडेपाच दिवस लागतात. मोठ्या नदीत जे विरून जाईल, ते ओढ्यात विरत नाही.

म्हणून पंप भरायची जागा ओढा, विहीर, बोअर यांपासून किमान ३० मीटर दूर ठेवा आणि पाणी ड्रमने तिथे न्या. ड्रम भरताना पाइपचं तोंड पाण्यात बुडवू नका, वर वीतभर मोकळं ठेवा. वीज गेली आणि मोटर थांबली की बुडालेला पाइप ड्रममधलं पाणी उलटं ओढून घेतो. औषध आधीच टाकलेलं असेल तर तेही विहिरीत जातं.

बाटली रिकामी झाली की तिच्यात पाव भाग पाणी घाला, झाकण लावून अर्धा मिनिट जोरात हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. असं तीन वेळा. मग बुडाला खिळ्याने भोक पाडा, म्हणजे ती कोणी तेला-पाण्याला वापरणार नाही. रिकामे डबे आणि धुण्याचं पाणी यांनी जलप्रदूषण होऊ नये अशी विल्हेवाट लावणं हे कीटकनाशक नियम १९७१ मध्येही (नियम ४४) सांगितलेलं आहे.

पंप आतून धुवायचा तो शेतातच. फवारणी संपली की दोन-तीन लिटर स्वच्छ पाणी टाका, हलवा, नोझल चालू करून त्याच पिकावर मारा. हेही तीनदा. तणनाशकाचं धुवण मात्र जिथे ते मारलं त्याच रानात गेलं पाहिजे. टू-फोर-डीचं धुवण टोमॅटोवर गेलं तर पानं सुरळीसारखी वळतात आणि प्लॉट हातचा जातो.

पंप बाहेरून धुतल्यावर जे पाणी सांडतं त्याच्यासाठी जैविक खड्डा करा. ही पद्धत १९९३ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झाली. एक मीटर लांब-रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल खड्ड्याला जाड ताडपत्री लावा. दोन भाग बारीक केलेला गव्हाचा भुसा, एक भाग कोकोपीट आणि एक भाग शेतातली वरची माती, असं मापाने घेऊन मिसळा, ओलं करून सहा-आठ आठवडे झाकून ठेवा आणि मग भरा. वर हरळी लावा. भुशातली बुरशी लाकडातला कठीण भाग कुजवते आणि त्याच विकरांनी (एन्झाइमांनी) औषधाचे रेणूही तोडते. एका वेळी पाच-दहा लिटरपेक्षा जास्त पाणी ओतू नका. खड्डा बिघडतो तो दोन कारणांनी: पावसाळ्यात वर पत्रा नसेल तर तुडुंब भरून बाहेर वाहतो, आणि एप्रिल-मेमध्ये वाळून बुरशीच मरते. मिश्रण मुठीत दाबल्यावर बोटांना ओल लागावी, पाणी गळू नये. भुसा खाली बसतो, म्हणून दरवर्षी थोडा वरून भरावा लागतो. ताम्रयुक्त बुरशीनाशकाचं पाणी इथे घालू नका. तांबं कुजत नाही, साचत जातं.

आता फवारणी. आपण एकरी किती पाणी मारतो हे बहुतेकांना अंदाजानेच ठाऊक असतं. एक गुंठा, म्हणजे ३३ बाय ३३ फूट, मोजून आखा. पंपात साधं पाणी मोजून भरा, नेहमीच्या चालीने फवारा आणि उरलेलं पुन्हा मोजा. पाच लिटर लागलं तर एकरी २०० लिटर. मग तेवढंच द्रावण कालवा. उरलंच नाही तर ओतायचा प्रश्न राहत नाही.

वारा ओढ्याकडे असेल त्या दिवशी ओढ्याकडची बाजू सोडा. वारा अगदीच पडला तरी फवारू नका. पहाटे चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरतो तेव्हा हवा थरात अडकलेली असते, आणि तुषारही तसेच तरंगत लांब जातात. एचटीपी (जास्त दाबाचा पंप) किंवा ब्लोअर असेल तर काठाच्या शेवटच्या दोन ओळी बाहेरून आत मारा, पाठ ओढ्याकडे करून. पुढच्या दोन दिवसांत पावसाचा अंदाज असेल तर थांबा. परतीच्या पावसाची एक सर आदल्या दिवशीचं औषध ओढ्यात नेऊन टाकते.

काठावर किमान पाच मीटर रुंद गवताची पट्टी राखा: मारवेल, पवना, कडेला वाळा. पट्टी निकामी होते ती घळीमुळे. पाणी एकाच चराने गवत चिरून गेलं तर दोन्ही बाजूंचं गवत शोभेपुरतं. मोठ्या पावसानंतर चालत जा, चर दिसला तिथे आडवा दगडी बांध घालून पाणी पसरवा. सायपरमेथ्रिनसारखी मातीला चिकटणारी औषधं गवत बऱ्यापैकी अडवतं, इमिडाक्लोप्रिडसारखी पाण्यात विरघळणारी कमी. पट्टीवर तुषार पडतात, म्हणून तिचा चारा जनावरांना घालू नका.

दुकानात डब्यावरचा हिरवा, म्हणजे सगळ्यांत कमी विषारी गटाचा त्रिकोण बघून निश्चिंत होऊ नका. डब्यावरचा रंग औषध सस्तन प्राण्यांना किती विषारी आहे ते सांगतो. क्लोरँट्रानिलीप्रोल या कीटकनाशकावर हिरवा त्रिकोण असतो, पण पाण्यातल्या किड्यांना आणि कोळंबीवर्गीय जिवांना ते फार घातक आहे. लेबलवरची पाण्याबाबतची सूचना वाचा.

ओढ्याची तब्येत दगडाखाली कळते. वाहत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड उचला आणि पांढऱ्या ताटात उलटा धरून पाण्याने धुवा. शेपटीला दोन-तीन केस आणि पोटाच्या कडांना थरथरणारे कल्ले असलेले चपटे किडे, वाळूच्या कणांची नळी पांघरलेल्या अळ्या दिसल्या तर चांगलं. नुसत्या लाल, दोऱ्यासारख्या अळ्या आणि जळवा असतील तर काहीतरी बिघडलंय. सांडपाण्यानेही असंच होतं, म्हणून शेताच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक अशा दोन जागा दर महिन्याला, प्रत्येकी दहा दगड, तपासून वहीत मांडा. वर किडे आहेत आणि खाली नाहीत, तर कारण त्या दोन जागांच्या मधेच आहे.

नमुना प्रयोगशाळेत द्यायचा तर पावसाने ओढा चढत असताना घ्या. कोरड्या दिवशीचं पाणी बहुधा स्वच्छच निघतं. तपकिरी काचेची एक लिटरची बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवा आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत पोचवा. प्लास्टिकची नको, काही औषधं तिच्या भिंतीलाच चिकटतात. सोबत महिनाभरात आसपास काय काय फवारलं त्याची यादी द्या. प्रयोगशाळा जे शोधायला सांगाल तेच शोधते.