पहिल्यांदाच टीम घेऊन मार्चएंड करताय? उद्यमची यादी आधी

मार्च २०२४ मध्ये भोसरीतल्या एका कारखान्याची पाच जणांची अकाउंट्स टीम पहिल्यांदा माझ्याकडे आली आणि एक काम माझ्या हातून राहिलं: उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सप्लायरची यादी. तुमचं राहू नये म्हणून लिहितेय.

सुरुवात फेब्रुवारीत करा. बँक रिको (बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणी), स्टॉक, देणी, जीएसटी, टीडीएस, प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा. ‘दोघं मिळून बघा’ असं कधीही सांगू नका. रजाही आत्ताच विचारा. त्या वर्षी २५ ला धुळवड, २९ ला गुड फ्रायडे, ३१ ला रविवार. शिमग्याला गावी जाणाऱ्याला खुशाल जाऊ द्या, पण त्याचं काम येणारा दुसरा माणूस तयार ठेवा.

आता उद्यम. आपल्या सप्लायरपैकी सूक्ष्म आणि लघु कोण, ते प्रत्येकाचं उद्यम प्रमाणपत्र मागवून ठरवा. त्यांचे पैसे द्यायची मुदत लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चपर्यंत चुकतं केलं नाही, तर त्या वर्षी त्या खर्चाची आयकरात वजावट मिळत नाही, पैसे द्याल त्या वर्षी मिळते. नियम त्याच वर्षी पहिल्यांदा लागू झाला होता. मध्यम उद्योग यात येत नाहीत, निव्वळ व्यापारीही नाहीत. म्हणून नुसता नंबर घेऊन भागत नाही, प्रमाणपत्र उघडून वाचा.

मला वाटत होतं, खरेदीच्या नोंदी करणारा मुलगा यादी करतोय. त्याला वाटत होतं, मी करतेय. सप्टेंबरमध्ये ऑडिटरांनी एका जॉबवर्कवाल्याचं बिल समोर ठेवलं. खाली जांभळ्या शिक्क्यात उद्यम नंबर स्वच्छ दिसत होता आणि वर आम्हा तिघांच्या सह्या. त्याचे पैसे अडीच महिने थकले होते. कराचं एक वेळ सोडा, त्या काळात त्याने कामगारांचे पगार कसे केले असतील, हे मला अजून टोचतं. शिवाय उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि त्या व्याजाची वजावट कधीच मिळत नाही.

उद्यमच्या यादीपुढे नाव लिहिलंत? नसेल तर आधी लिहा, मग पुढे वाचा.

स्टॉक मोजायला अकाउंट्सचा माणूस स्वतः गोदामात गेला पाहिजे. स्टोअरवाल्याने वाचून दाखवलेला आकडा उतरवून घ्यायचा नाही. मोजणी चालू असताना मालाची ये-जा बंद. शेवटचा जीआरएन (माल आत घेतल्याची नोंद) आणि शेवटचं डिलिव्हरी चलन, दोन्हींचे नंबर तिथेच टिपा. माल मार्चमध्ये आणि बिल एप्रिलमध्ये आलं की नफा चुकतो तो इथेच.

टीम सांभाळायची तर स्वतः एंट्र्या मारत बसणं सोडा. मला ते जड गेलं, पण तपासायला वेळ काढल्याशिवाय या कामात पुढे जाता येत नाही. चूक सापडली तर मुलांना चारचौघांत बोलू नका, पुढची चूक तुमच्यापर्यंत येणारच नाही.

बाकी नेहमीचंच. बॅलन्स कन्फर्मेशन, २बी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांचं जीएसटी पत्रक) जुळवणी, घसारा, तरतुदी. मार्चचा टीडीएस ३० एप्रिलपर्यंत. एमएसएमई-१ फॉर्मही (सूक्ष्म-लघु सप्लायरच्या थकबाकीचं कंपन्यांनी भरायचं पत्रक) ३० एप्रिलपर्यंतच, आणि त्यालाही तीच उद्यमची यादी लागते. नवा सप्लायर आला की टॅलीत खातं उघडायच्या आधी प्रमाणपत्र मागा.