पीएनसी (बाळंतपणानंतरच्या) वॉर्डात नव्यानं ड्युटी लागलेल्यांसाठी: टाके बघायचे कसे

"टाके दुखतायत का?" असं राउंडला विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही, बरंय." शेजारी सासू बसलेली, हातभर अंतरावर दुसरी खाट, बाई वेगळं काय सांगणार? पडदा ओढा आणि स्वतः बघा.

एपिसिओटॉमीचा, म्हणजे बाळ बाहेर यायला योनीमुखाशी दिलेला, छेद आपल्याकडे बहुधा उजवीकडे तिरका असतो. म्हणून बाईला डाव्या कुशीवर वळवायचं, वरचा पाय गुडघ्यात दुमडायला सांगायचा, ग्लोव्हज घालून वरचा कुल्ला हलकेच उचलायचा आणि टॉर्च मारायची. लाली, सूज, काळंनिळं, स्राव, कडा जुळल्यात का, हे रोज याच क्रमानं बघा. पॅडही तेव्हाच बघा. तासाभरात पूर्ण भिजत असेल तर तिथूनच डॉक्टरांना हाक मारा.

सगळ्यांत फसवा हेमॅटोमा. बाहेर रक्त नाही, टाके दिसायला नीट, पण बाई म्हणते, "संडासच्या जागी दाब येतोय." गोळी देऊनही कळ थांबत नाही, नाडी वाढत जाते. आत रक्त साचत असतं. दुसरी गोळी देऊन वाट बघत बसू नका, लगेच कळवा.

पहिले 24 तास बर्फ, तोही फडक्यात गुंडाळून, एका वेळी 10 मिनिटं. मग कोमट पाण्याच्या टबात 10-15 मिनिटं बसवायचं, दिवसातून 2-3 वेळा. पाण्यात जंतुनाशक ओतायची हौस नको, कातडी चुरचुरते. स्वच्छ पाणी पुरतं. नंतर पुढून मागे टिपून कोरडं करायचं. पॅड दर 4 तासांनी बदलायचं.

खरी गडबड घरी होते. शेक-शेगडीला सरसकट नाही म्हणालात तर आजी तुमचं काहीच ऐकणार नाही. कंबर शेका, टाक्यांजवळ धग नको, एवढं सांगा. पाण्याचंही तसंच. 'गार नको' म्हणता म्हणता पाणीच तोडतात, मग शौचाला खडा होतो, बाई कुंथते आणि टाक्यांवर ताण येतो. "कोमट द्या, पण भरपूर द्या," हे पटतं. चीर गुदद्वारापर्यंत गेलेली असेल तर एनिमा नाहीच. डॉक्टरांनी दिलेलं रेचक चुकवू नये.

टाके विरघळणारे असतात. काही दिवसांनी पॅडवर दोऱ्याचे तुकडे दिसतील हे आधीच सांगा, नाहीतर टाके उसवले म्हणून घाबरतात. उसवले असतील तर जखमेची फट दिसते. जंतुसंसर्ग झाला असेल तर वास येतो, ताप 100.4 च्या वर जाऊ शकतो.

आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जातात. बाळाचं वजन होतं, आईचे टाके राहून जातात. डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा: 'टाके पाहणे'.