डॅशहंडसाठी हार्नेस घेताय? आधी या चुका टाळा

नुसतं वजन बघून हार्नेस (गळ्याबरोबर छातीभोवतीही बसणारा, पट्ट्यांचा साज) मागवणं ही यातली सगळ्यात मोठी चूक. ऑनलाइन दुकानांचे साइझ चार्ट बरेचदा किलोवर चालतात आणि पग किंवा पॉमेरेनियनचं त्यात कसंबसं भागून जातं. आखूड पायांच्या, लांब पाठीच्या डॅशहंड कुत्र्याचं भागत नाही, कारण त्याचं वजन लांबीत पसरलेलं असतं आणि उंचीच्या मानाने छाती भलतीच खोल. खुद्द या जातीच्या आंतरराष्ट्रीय मानकातही स्टँडर्ड, मिनिएचर आणि त्याहून लहान कानिंखेन हे गट छातीच्या घेरावरून पाडतात. जर्मन शिकाऱ्यांनी ही जात बॅजरच्या आणि सशाच्या बिळात शिरण्यासाठी तयार केली. कुत्रा किती किलोचा आहे यापेक्षा तो बिळात मावतो का, हा त्यांचा प्रश्न होता. हार्नेस घेतानाही प्रश्न घेराचाच आहे.

त्यामुळे आधी शिवणकामाची टेप काढा. कुत्रा उभा हवा, बसलेला किंवा लोळणारा नको. घरातल्या कुणाला तरी समोर चीजचा तुकडा धरून उभं करा, म्हणजे काम सोपं होतं. मापं तीन. पहिलं गळ्याच्या बुडाशी, म्हणजे नेहमीचा पट्टा बसतो त्याच्या खाली, मान खांद्याला मिळते तिथे. दुसरं छातीचा घेर, पुढच्या पायाच्या कोपरामागे दोन बोटं जागा सोडून. तिसरं माप कुणी घेत नाही आणि निम्मा घोळ तिथेच होतो: छातीच्या पुढच्या हाडापासून दोन पायांच्या मधून मागे त्या घेराच्या पट्टीपर्यंतचं अंतर. लांब केसांच्या किंवा तारेसारख्या राठ केसांच्या डॅशहंडचे केस दाबून मोजा. गळा एका साइझमध्ये आणि छाती दुसऱ्या साइझमध्ये येत असेल (बऱ्याचदा येतेच) तर छातीच्या मापाने घ्या आणि गळ्याची पट्टी वेगळी कमी-जास्त होते का ते आधी विचारा. होत नसेल तर तो हार्नेस सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी.

छातीवरून आडवी पट्टी

दुकानात पुढच्या बाजूने दोनच प्रकार दिसतात. एकात छातीवरून आडवी पट्टी जाते, दुसऱ्यात इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार असतो. आडवी पट्टी घालायला सोपी म्हणून खपते. पण डॅशहंडच्या छातीचं हाड होडीच्या नाळेसारखं पुढे आलेलं असतं. आडवी पट्टी त्याच्यावर टिकत नाही. ती एक तर वर सरकून गळ्याशी येते किंवा खाली उतरून खांद्यांवर बसते. खांद्यावर बसली की पाय पुढे टाकताना प्रत्येक पावलाला अडते. मुळात याचं पाऊल आखूड, त्यात ही आडकाठी. वाय आकारात जोड बरोबर त्या हाडावर बसतो, दोन्ही पट्ट्या मानेच्या बाजूंनी वर जातात आणि खांदे मोकळे राहतात. माझं मत विचाराल तर डॅशहंडसाठी आडव्या पट्टीचा विचार करायचंही कारण नाही.

घालून बघितल्यावर कुत्र्याला बाजूने चालताना बघा. मोबाइलवर व्हिडिओ काढून हळू वेगाने पाहिलात तर उत्तम. हार्नेसशिवाय जेवढं पाऊल पडतं तेवढंच घातल्यावर पडायला हवं.

काखेत घासतंय, म्हणून पट्टी सैल केली

हा उपाय जवळपास सगळे करतात आणि त्याने त्रास वाढतो. सैल पट्टी चालताना पुढेमागे हलते आणि घासणं दुप्पट होतं. काखेत पट्टी येण्याचं कारण बहुधा घेरात नसतं, ते खालच्या पट्टीत असतं. दोन पायांमधून जाणारी ती पट्टी आखूड असली की घेराची पट्टी पुढे ओढली जाते. डॅशहंडची कोपरं फासळ्यांना जवळजवळ चिकटलेली असतात, मध्ये जागाच नाही. खालची पट्टी वाढवता येत असेल तर वाढवा. शिवून पक्की केलेली असेल तर परत करा, त्यात दुरुस्ती नाही. बक्कल कुठे येतं तेही बघा. बक्कल काखेत नको, फासळ्यांच्या बाजूला हवं.

आमच्या सोसायटीतली जिलबी, काळी-तपकिरी गुळगुळीत केसांची मिनिएचर, पावसाळ्यात सारखी पुढचा पाय चाटायची. घरच्यांना वाटलं पायात काटा आहे. पाय वर उचलल्यावर काखेत रुपयाएवढा केस गेलेला लालसर चट्टा दिसला. आतला स्पंज ओला राहायचा आणि तोच हार्नेस संध्याकाळी पुन्हा चढवला जायचा. मुंबई-कोकणच्या दमटपणात जाड स्पंजचा किंवा निओप्रीनचा हार्नेस एका रात्रीत वाळत नाही. पावसाळ्यासाठी साधा, रुंद, मऊ नायलॉनच्या पट्ट्यांचा दुसरा हार्नेस ठेवा आणि आलटूनपालटून वापरा. पाठ-पोट झाकणारं जॅकेटवजा हार्नेस नागपूरच्या मे महिन्यात तर नकोच. आणि कुठलाही हार्नेस घरी आल्यावर काढायचा. काढताना पट्टीखाली बोट फिरवा, गोचिडीला काखेतली ती उबदार जागा फार आवडते.

हार्नेस एका बाजूला फिरतो

पाठीवरची कडी बरगडीवर लोंबत असेल तर तीन शक्यता. घेर सैल आहे, गळा मोठा आहे, किंवा पाय आत टाकून वर बक्कल लावायचा तो स्टेप-इन प्रकार आहे. स्टेप-इनमध्ये गळा आणि छाती वेगवेगळी बसवायला फारसा वाव नसतो, आणि डॅशहंडच्या खोल छातीवर तो हमखास गोल फिरतो. घट्टपणाचा अंदाज सोपा आहे: पट्टीखाली दोन बोटं सपाट शिरली पाहिजेत, मिनिएचरला एकच पुरे.

मागे सरकून निसटणं

डॅशहंड घाबरला की पुढे पळत नाही. तो मागे सरकतो, डोकं खाली घालतो आणि अरुंद डोक्यावरून सगळा साज उतरवून मोकळा होतो. दिवाळीच्या आठवड्यात सोसायट्यांच्या ग्रुपवर हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो फिरतात ते उगाच नाही. म्हणून घरातच परीक्षा घ्या: दोरी कुत्र्याच्या समोरून धरा, खाऊ दाखवत हलकेच त्याला मागे जाऊ द्या आणि हार्नेस कानांपर्यंत येतो का पाहा. येत असेल तर गळा कमी करा. मागे दुसरी पट्टी असलेले तीनपट्टी हार्नेस मिळतात, पण ती पट्टी शेवटच्या फासळ्यांवर बसली पाहिजे, मऊ पोटावर नाही. फोन नंबरचा बिल्ला असलेला गळपट्टा हार्नेससोबतही राहू द्या. फक्त दोरी त्याला लावू नका.

ओढतो म्हणून पुढची कडी

छातीवर कडी असलेले ‘नो-पुल’ हार्नेस ओढणारा कुत्रा बाजूला वळावा म्हणून बनवलेले असतात. लांब पाठीच्या कुत्र्याला प्रत्येक झटक्याला असं वळवणं मला पटत नाही. काखेखालून दोरी आवळणारे तर घेऊच नका. पाठीवरची कडी, दीड-दोन मीटरची साधी दोरी, आणि दोरी ताणली की आपण थांबायचं, एवढं पाळलंत तरी बरंच भागतं. आपोआप गुंडाळणारी दोरी कायम थोडी ताणलेली राहते आणि शेवटी एकदम झटका देते. ती टाळा.

पाठीवरचा हँडल ही आणखी एक मोहाची गोष्ट. भटकी कुत्री अंगावर आली की लोक आपल्या डॅशहंडला हँडलने पिशवीसारखं उचलतात. मागचं धड लोंबतं आणि सगळा भार कण्यावर येतो. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि पाठ आडवी, असंच उचला. घाईतही हेच सुचावं म्हणून घरी सवय करा.

हार्नेस घेतला, आता पाठीची काळजी मिटली?

मिटली नाही. गळ्यावरचा ताण हार्नेसने कमी होतो, पण मणक्यातल्या चकतीचा आजार त्याने टळत नाही. 2017 मध्ये संशोधकांनी 12 व्या गुणसूत्रावरच्या एफजीएफ4 जनुकाच्या जादा प्रतीचा या आजाराशी संबंध दाखवला, आणि ती प्रत डॅशहंडमध्ये सर्रास असते. चकत्या लहान वयातच कडक होऊ लागतात. साधारण पाचांतल्या एकाला तरी आयुष्यात हा त्रास होतो, बहुतेकदा पाठीच्या मधल्या भागात. मागचे पाय लडखडणं, पंजा उलटा टेकणं, उचलताना किंचाळणं, पाठ कमानीसारखी धरणं, यातलं काहीही दिसलं तर हार्नेस सैल-घट्ट करत बसू नका. फिरणं बंद, उड्या बंद, आणि त्याच दिवशी पशुवैद्य. पाय चालेनासे झाले तर तासही महत्त्वाचे. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात द्यायची नाही.

मोठ्या झालेल्या कुत्र्याची घेराची पट्टी पुढच्या खुणेवर न्यावी लागली तर वजनकाटा काढा. वाढलेला प्रत्येक पाव किलो त्या पाठीवरच बसतो. पिल्लाचं मात्र वर्षाचं होईपर्यंत दर महिन्याला माप घ्या आणि महागडा हार्नेस तोवर घेऊ नका.

पहिल्याच दिवशी घालून थेट रस्त्यावर

मग तो दारात पुतळ्यासारखा उभा राहतो आणि घरचे म्हणतात, याला हार्नेस आवडत नाही. डोक्यावरून येणारा हात बऱ्याच कुत्र्यांना खटकतो. गळ्याशीही बक्कल असलेला हार्नेस घेतला तर तो प्रश्नच येत नाही. नसेल तर गळ्याच्या कड्यातून आपला हात आरपार घालून पलीकडे खाऊ धरा, तो स्वतः डोकं घालेल. पहिले काही दिवस जेवणाआधी पाच मिनिटं घालायचा, बक्कल लावायचं, वाटी समोर ठेवायची, जेवण झालं की काढायचा. दोरी त्यानंतर.