दिवाळी पहाट मागायला जाण्याआधी

गाण्याचा संच घेऊन एखाद्या सांस्कृतिक मंडळाकडे किंवा सोसायटीकडे दिवाळी पहाट मागायची असेल तर आधी कालनिर्णय उघडा. नरक चतुर्दशी आणि पाडव्याची सकाळ सगळ्यांनाच हवी असते, आणि ती बहुधा नावाजलेल्या गायकांकडे जाते. नव्या संचाने वसुबारस किंवा धनत्रयोदशी मागावी. त्या दिवशी साउंडवालाही मोकळा सापडतो. भेटायला जायचं ते आषाढी झाल्यावर आणि गणपतीच्या आधी. ऐन गणपतीत कार्यकर्त्याला गाठलंत तर तो मान हलवेल आणि विसरून जाईल.

जागा स्वतः बघून या. मोकळं मैदान असेल तर 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक बंद. सणांसाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस सरकार सूट देऊ शकतं, पण ती रात्री 12 पर्यंतचीच, पहाटे तिचा उपयोग शून्य. म्हणजे मैदानातल्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवर साडेपाच छापायचं नाही. बंद सभागृहात आतल्यापुरता आवाज असेल तर ही अडचण येत नाही. समितीपुढे हे तुम्हीच आधी बोललात तर निम्मं काम होतं, कारण तुम्ही किती सुरेल गाता यापेक्षा ती सकाळ बिनबोभाट पार पडेल का, हीच त्यांची काळजी असते. मैदानात दवाचंही बघा. ओल्या हवेत तबला उतरतो, म्हणून मंचावर छत मागून घ्या, आणि परतीचा पाऊस आलाच तर कार्यक्रम कुठे हलवायचा तेही विचारा.

सोबत एकच पानाचा कागद न्या. कार्यक्रमाचं नाव, कलाकार, कालावधी, मंचावर माणसं किती आणि मानधन. मागच्या बाजूला माइक किती, कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यासाठी प्लग कुठे, गाद्या-तक्के कोण आणणार, हे लिहा. गुरूंच्या परंपरेवरचे दोन परिच्छेद घरी ठेवा. बैठकीत ते कोणी वाचत नाही. व्हिडिओ तीन मिनिटांचा पुरे, मोबाइलवर काढलेला चालेल, पण समोर श्रोते दिसले पाहिजेत. स्टुडिओत घासूनपुसून केलेलं रेकॉर्डिंग दाखवलं की खजिनदारांना शंका येते, आणि ती रास्तच असते.

गाण्यांच्या यादीवर मात्र दोन संध्याकाळी घालवा. पहिली भूपाळी, मग भैरव, रामकली, तोडीच्या अंगाने जाणारे अभंग आणि नाट्यपदं, शेवट भैरवी. यमन या संध्याकाळच्या रागातल्या लाडक्या भावगीतांची फर्माईश येणारच. ती उत्तरार्धात निवेदकाच्या हवाली करा. सकाळी सहा वाजता यमन सुरू झाला की पहिल्या रांगेतले काका तोंड वाकडं करतात आणि नंतर अध्यक्षांना फोनही करतात. दोन तासांत निवेदन धरून बारा-तेरा गाणी बसतात. वीस लिहून नेणाऱ्यांचा अनुभव नाही हे जाणकाराला लगेच कळतं. मधे नाट्यप्रवेश घालणार असाल तर त्याच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल का, ते आधी बघा. गाण्यांच्या सार्वजनिक सादरीकरणासाठी गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचा परवाना लागत असल्यास तो कोण काढणार, हेही तोंडी ठेवू नका.

पैशाचं बोलणं गाणाऱ्याने करू नये. संचातला जो माणूस शांतपणे 'नाही' म्हणू शकतो त्याला न्या. 'तुम्ही द्याल ते' हे वाक्य वर्ज्य. मानधन, प्रवास आणि साउंड हे तीन आकडे वेगळे सांगा, आगाऊ रक्कम किती ते ठरवा. शेजारच्या दोन मंडळांना दोन दर सांगू नका, कार्यकर्ते संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात.

सत्काराचाही मुद्दा काढा. प्रायोजक सराफ असो की सहकारी बँक, शाल-श्रीफळ सुरुवातीच्या दहा मिनिटांत उरकायचं. रंगलेल्या अभंगानंतर नगरसेवक मंचावर येणार नाहीत. हे हसतखेळत पण स्पष्ट सांगावं.

बैठक संपली की त्याच रात्री ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: तारीख, वेळ, रक्कम, आणि पाऊस आला तर आगाऊ रकमेचं काय.